दोन सूर्यांचा कागद

नकाशा विभागात एक नियम होता. तो भिंतीवर कुठेही लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. नकाशाच्या अंगावर एकही अक्षर उमटता कामा नये. जे सांगायचं ते कडेच्या चार बोटं रुंद पट्टीत सांगायचं: फोटो कुठल्या यानाने टिपला, कुठल्या भागाचा, नकाशा कोणी काढला, कधी काढला. आणि पट्टीच्या कोपऱ्यात एक लहानसा गोल, त्यातून निघालेला बाण. तो सूर्य. फोटो टिपला तेव्हा ऊन कुठून येत होतं, ते त्या बाणावरून कळायचं.

सूर्य नसलेला नकाशा विभागाचे प्रमुख, मोठे सर, हातात धरत नसत. "ऊन कुठून येतंय ते माहीत नसेल तर आपण भूगर्भशास्त्रज्ञ नाही, भिंती रंगवणारे," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सुनवायचे.

दुसरा नियमही त्यांचाच. चूक झाली तर खोडायची नाही, ब्लेडने खरवडायची नाही. ज्याची चूक त्याने स्वतः पट्टीत लिहायची, खाली सही आणि तारीख टाकायची.

हे दोन्ही नियम तिने एकतीस वर्षं पाळले. तिने पाळले म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्यात भिंग अडकवून दिवसभर वाकलेले असायचे आणि जेवायला हाक मारली की भिंग काढायचंच विसरायचे. तसेच ताटावर बसायचे. दोघी बहिणी हसून हसून बेजार व्हायच्या. पुढे ते भिंग तिच्याकडे आलं. थोरल्या बहिणीने, ताईने, नर्सिंग धरलं. हिने दगड धरले.

कॉलेजात दर वर्षी मुलं पंधरा दिवस डोंगरात जायची. मुलींना मात्र प्रयोगशाळेत लाकडी ट्रेमध्ये दगड मांडून दिले जायचे. "डोंगरात मुलींची सोय नाही," प्राध्यापक म्हणायचे, आणि असं म्हणायचे जणू सोय ही पावसासारखी वरून पडणारी वस्तू आहे आणि तिकडे ती पडलीच नाही. मुलं काळवंडून, बुटांना चिखल लावून परत यायची आणि पुढचे सहा महिने तेच सांगत बसायची. ती ट्रेमधल्या दगडांची चित्रं काढायची. तीन वर्षं. तिसऱ्या वर्षी ती पहिली आली. प्राध्यापकांनी विचारलं, आता पुढे काय?

"दुसऱ्या ग्रहांचं भूगर्भशास्त्र," ती म्हणाली.

"तिथे काय आहे?"

"सर, तिथे कुणाचीच सोय नाही."

अंतराळ संस्थेत ती लागली तेव्हा नकाशा विभाग म्हणजे एक लांबोडकी खोली होती. खालून दिवे लावलेली काचेची चार टेबलं, त्यांवर मंगळाचे फोटो, फोटोंवर ट्रेसिंगचा जाड कागद. दिवसभर मान खाली. संध्याकाळी घरी जाताना रस्त्यातले खड्डे आणि गतिरोधकसुद्धा सावलीवरून ओळखायची सवय लागायची. बाकीची माणसं यंत्राची दोन नळ्यांची भिंगं वापरायची, ती वडिलांचं. तिचा हात हलका होता. पेन्सिलच्या बारीक छटांनी ती जमीन अशी उठवायची की शेजारच्या टेबलावरचे लोक बोट फिरवून बघायचे, कागद खरंच वर आलाय का म्हणून.

वयाच्या एकतिसाव्या वर्षी तिच्या वाट्याला मंगळाचा तो तुकडा आला. वरवर पाहता साधा मैदानी भाग. त्यात असंख्य गोल खळगे, आणि त्या खळग्यांमधून वळसे घेत गेलेल्या, फाटे फुटलेल्या काही रेषा. कोणीही म्हणावं, कोरड्या नद्यांचे चर. तीही आधी तेच म्हणाली. मग भिंग लावून बसली, आणि तिच्या लक्षात आलं की सावल्या जुळत नाहीत.

गोष्ट सोपी आहे. ऊन डावीकडून आलं की खड्ड्याची डावी बाजू काळी दिसते, कारण उन्हाकडच्या काठाची सावली आत पडते. उंचवट्याचं उलट. त्याची डावी बाजू उजळते आणि उजवी काळी पडते. त्या फोटोत सगळे खळगे डावीकडे काळे होते. आणि रेषा उजवीकडे. म्हणजे त्या रेषा चर नव्हत्या. बांधासारख्या वर आलेल्या होत्या.

ती आठ दिवस कुणाशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिला उलगडलं. नदी वाहिली तेव्हा तळाशी दगडगोटे साचले, घट्ट झाले. नदी आटली. मग कोट्यवधी वर्षं वारा सुटत राहिला आणि आजूबाजूची भुसभुशीत जमीन उडवून नेत राहिला. नदीचा तळ तेवढा त्याला हलवता आला नाही. जे सगळ्यांत खाली होतं ते आता सगळ्यांत वर उभं होतं.

तिने नकाशा काढला. पट्टीत आपलं नाव, तारीख, आणि डाव्या कोपऱ्यात वर सूर्य.

सोमवारच्या बैठकीत सरांनी कागद पाहिला, एकदा फिरवला, पुन्हा फिरवला आणि हसले.

"बाई, फोटो उलटा धरलात."

"नाही सर. सावली तपासलीय."

"या पट्ट्यातले फोटो यान उलट दिशेने जाताना घेतलेत. सूर्याची दिशाही फिरवून घ्यायला हवी. हे बघा, असं धरा. दिसले चर? नदी खणते बाई, बांध घालत नाही."

"तसं धरलं तर खळगेही उलटे होतात सर. सगळ्याच्या सगळ्या खळग्यांची टेंगळं होतात. अख्ख्या ग्रहावर खड्डे, आणि नेमकी इथेच टेंगळं?"

कुणीतरी फिसकन हसलं. तिला वाटलं, सरांना हसलं. पण ते हसू तिलाच होतं. "टेंगळं म्हणे," कुणीतरी पुटपुटलं, आणि मग सगळी खोलीच हसली. सरांनी खिशातली लाल पेन्सिल काढली. तिच्या सूर्यावर फुली मारली. समोरच्या कोपऱ्यात, उजवीकडे खाली, आपला सूर्य काढला. पट्टीत लिहिलं: "प्रकाश उलट घेतला आहे. रद्द." खाली सही आणि तारीख. नियमाप्रमाणे.

रद्द झालेले कागद रद्दीत जायचे. तो तिने गुंडाळून घरी आणला.

त्या दिवसापासून ती संस्थेत टेंगूळबाई झाली. आधी पाठीमागे, मग तोंडावरही. नवी माणसं तर ते तिचं आडनाव समजायची. यान उतरवायची जागा निवडणारी समिती बसली, त्यात तिचं नाव नव्हतं. "तुमचं जरा उलटसुलट असतं ना," एकाने समजावून सांगितलं, वर चहाही पाजला. तिला वाळूच्या टेकड्या दिल्या, मग धुळीची मैदानं. अकरा वर्षं धुळीची मैदानं! जिथे काढण्यासारखं काही नाही ते हुबेहूब काढायला ठेवलेली बाई. तिच्या हाताखाली शिकलेली मुलं एकामागून एक तिच्यापुढे गेली. ती त्यांना सावली वाचायला शिकवायची आणि शिकवताना घरून तो कागद आणायची. "यात सूर्य दोन आहेत," म्हणायची. "आता सांगा, खरा कुठला?" पाच मिनिटांत मुलं बरोबर बोट ठेवायची. पाच मिनिटांत! मोठ्या खोलीतल्या मोठ्या माणसांना मात्र ते जमलं नव्हतं, कारण त्यांनी ती पाच मिनिटं दिलीच नव्हती.

बारा वर्षांनी उंची मोजणारं यान मंगळाभोवती फिरलं. तो तुकडा मोजून झाला. रेषा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चाळीस-चाळीस मीटर वर. तिने आकडे टिपून अहवाल लिहिला आणि वर पाठवला. तीन महिन्यांनी परत आला. त्यावर दोन शब्द: "नोंद घेतली."

कुठे घेतली? कोणाच्या वहीत? तिने शोधलं नाही असं नाही. पण तोवर मोठे सर सन्मानाने निवृत्त झाले होते, आणि ज्याने त्याने कानावर हात ठेवले.

आता ती अठ्ठावन्न वर्षांची होती, निवृत्तीला दोन महिने होते, आणि संचालक स्वतः तिच्या खोलीत आला होता. संचालक म्हणजे त्याच मुलांतला एक. बसायला सांगितल्यावरही बसला नाही, त्यावरूनच तिला कळलं की काहीतरी मागायला आलाय.

"मॅडम, तो दोन सूर्यांचा कागद... आहे अजून?"

"का रे?"

बाहेरच्या एका गटाने दुसऱ्या भागात तसेच वर आलेले नदीतळ शोधून काढले होते आणि जगभर गाजावाजा चालला होता. आपल्या संस्थेने ते कितीतरी आधी काढले होते, हे दाखवायचं होतं. संस्थेत नवं दालन होत होतं. त्याच्या मधल्या भिंतीवर तो नकाशा लागणार होता. उद्घाटन मोठ्या सरांच्या हस्ते.

"कोणाच्या?"

"सरांच्या," तो बुटांकडे बघत म्हणाला.

कागद घरी कपाटात होता. ताईने कधीकाळी तो ब्लँकेटांखाली अंथरला होता, गुळगुळीत आहे, कसर लागत नाही म्हणून. ती कपाट उपसायला लागली तशी ताई दारात येऊन उभी राहिली.

"देणार आहेस?"

"नकाशा भिंतीवर लागला पाहिजे ताई. सत्तावीस वर्षं तो ब्लँकेटांखाली आहे."

"नकाशा लागेल गं. तुझं नाव लागेल का ते बघ. तू एक नंबरची भोळसट."

"पट्टीत आहे नाव."

"मग पट्टीवर डोळा ठेव," ताई म्हणाली. रुग्णालयात पस्तीस वर्षं काढलेली बाई, कागदावर काय लिहिलंय यापेक्षा कागदावर काय उरतं याकडे तिचं लक्ष असायचं.

ताईचं ऐकून तिने मूळ कागद दिला नाही. संस्थेत नेऊन समोर उभं राहून त्याचा फोटो काढू दिला. भिंतीवर फोटोवरून केलेली मोठी प्रत लागेल, मूळ कागद खाली काचेच्या पेटीत राहील, तो उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आणा, असं ठरलं.

आदल्या दिवशी दुपारी ती कागदाची गुंडाळी काखेत धरून दालनात आली. नव्या रंगाचा वास येत होता. फ्रेमवाला शिडीवर उभा राहून शेवटचा स्क्रू पिळत होता. मधल्या भिंतीवर, दोन माणसं उंच, तिचा नकाशा.

ती बघतच राहिली. मग तिची नजर कडांवर गेली.

पट्टी नव्हती. चारही बाजूंनी सफाईने छाटलेली. नाव नाही, तारीख नाही, सूर्य एकही नाही. आणि भिंतीवर बांध दिसतच नव्हते. चर दिसत होते.

"दादा, हा उलटा लागलाय."

फ्रेमवाल्याने वरून वाकून पाहिलं. "असेल बाई. वर कुठलं, खाली कुठलं, काही लिहिलेलंच नाही त्यावर. मी दोनदा विचारलं, कुणी सांगेना. मग भिंतीला शोभेल तसं लावलं."

"कडेची पट्टी कुठे गेली?"

"ती काढायला वरूनच सांगितलं. लाल रेघोट्या होत्या म्हणे, घाण दिसते."

लाल रेघोट्या! बाजूला पितळी पाटी होती. तिने ती वाचली. मोठ्या सरांच्या दूरदर्शी मार्गदर्शनाखाली संस्थेच्या नकाशा विभागाने हे उंच नदीतळ जगात प्रथम नोंदवले. तिने पुन्हा वाचली. तिला वाटलं होतं, असं काही झालं तर आपल्याला रडू येईल. रडू आलं नाही. कानशिलं मात्र तापली.

तेवढ्यात संचालक सरांना हाताला धरून आत घेऊन आला. उद्या कुठे उभं राहायचं ते दाखवायला. सर आता ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत चालत होते, पण आवाज तसाच खणखणीत.

"अरे वा, बाई! तुम्ही आहात अजून?"

"दोन महिने आहे सर."

सर नकाशापुढे उभे राहिले आणि उद्याचं भाषण असल्यासारखे बोलायला लागले. "हेच ते उंचवटे. नदीचा तळ कसा वर आलाय पाहा. तेव्हा जगात कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं..."

"सर," ती म्हणाली, "कुठे वर आलाय? जरा बोट ठेवून दाखवता?"

सरांनी काठी उचलली. काठीचं टोक नकाशापाशी गेलं आणि हवेत थांबलं. ते बघत राहिले. त्यांचे डोळे अजून शाबूत होते, म्हणूनच ते अडकले.

"इथे तर... चर दिसतायत."

"दिसणारच. सत्तावीस वर्षांपूर्वी तुम्ही धरलात ना, तसाच लागलाय."

फ्रेमवाला शिडीवरून हळूच उतरला.

तिने काचेच्या पेटीवर मूळ कागद उलगडला. कोपऱ्यांवर पेपरवेट नव्हते म्हणून वडिलांचं भिंग ठेवलं, पर्स ठेवली, फ्रेमवाल्याने आपली पक्कड आणि मोजायच्या टेपचं चाक ठेवलं. वर डावीकडे तिचा सूर्य, त्यावर लाल फुली. खाली उजवीकडे लाल सूर्य. मध्ये दोन वाक्यं. सरांनी आपलंच अक्षर वाचलं. दोन वाक्यं वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

"मॅडम," संचालक हळू आवाजात म्हणाला, "प्रत सुलटी करून घेतो. आत्ताच. पाटीवर तुमचंही नाव घालतो. पण पट्टीतलं हे लाल तेवढं झाकूया... उद्या पाहुणे येणार, सरांचं वय बघा. तारीख आपण पाटीवर छापू."

"पाटीवर? उद्या छापलेल्या पाटीवर सत्तावीस वर्षांपूर्वीची तारीख? आणि बाहेरचे लोक मान डोलावतील?"

"तुमच्या सहीखाली तारीख आहेच की."

"माझी मी कधीही टाकलेली असू शकते. मागची तारीख टाकायला काय लागतं?" तिने लाल अक्षरांवर बोट ठेवलं, कागदाला न टेकवता. "ही बघ. वरिष्ठाने त्या दिवशी फुली मारून, सही करून, रद्द केलेला कागद. असा खोटा पुरावा कोण कशाला बनवेल? हा नकाशा तेव्हा होता याला साक्षीदार एकच आहे, आणि तो सरांची लाल पेन्सिल आहे. तुम्ही नेमकं तेच छाटलंत. पट्टी पूर्ण लागणार असेल तर कागद इथे राहील. नाहीतर ब्लँकेटांखाली त्याची जागा अजून आहे."

संचालक लाल सहीपाशी वाकला. शिकवलेला मुलगा होता, मुद्दा त्याला कळला होता.

सर म्हणाले, "तेव्हा पुरावा नव्हता बाई."

"होता, सर." तिचा आवाज चढला नाही, पण दालन नवं आणि रिकामं होतं, शब्द घुमला. "सावली होती. खळगे होते. मी तुम्हाला दाखवत होते आणि तुम्ही हसलात. तुम्ही चुकलात याचा मला राग नाही. चुका सगळ्यांच्या होतात, म्हणूनच तर तुम्ही पट्टी ठेवायला लावलीत. यान वर गेलं, आकडे आले, त्यानंतर तुम्ही एकदा येऊन त्या पट्टीत चार शब्द लिहायचे होते. तुमचाच नियम होता. ज्याची चूक त्याने लिहायचं. तो नियम काय फक्त आम्हाला होता?"

तिने पर्समधून पेन्सिल काढली आणि कागदाशेजारी ठेवली.

सर खिसे चाचपायला लागले. "चष्मा आणला नाही वाटतं."

"गळ्यात आहे, सर."

चष्मा गळ्यातच होता, दोरीला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला. काठी संचालकाकडे दिली. वाकले. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. तिने मदत केली नाही. पट्टीत जागा थोडी उरली होती, तिथे त्यांनी लिहिलं: "पहिला सूर्य बरोबर." सही केली. मग थांबून विचारलं, "आज तारीख काय?"

तारीख तिनेच सांगितली. वर्षावर जरा जोर देऊन.

सर निघून गेले. ती त्यांना दारापर्यंत सोडायला गेली नाही. संचालक पाटी उतरवायला स्क्रू-ड्रायव्हर शोधत होता. फ्रेमवाल्याने टेपचं चाक उचललं.

"पट्टीसकट म्हणजे चारही बाजूंनी वीतभर वाढणार. नवी प्रत, नवी काच, नवी चौकट. रात्र जाईल माझी."

"जाऊ दे. मी थांबते."

"बाई, टेपचं टोक धरा मग. आणि वर कुठलं ते आत्ताच सांगून ठेवा."

तिने वडिलांचं भिंग उचलून डोळ्यात अडकवलं आणि सूर्याच्या कोपऱ्यावर टेपचं टोक धरलं.

घरी पोहोचली तेव्हा ताई जागीच होती. ताट झाकून ठेवलेलं. सगळं ऐकून झाल्यावर ताईने विचारलं, "माफी मागितली का म्हाताऱ्याने?"

"नाही."

"मग?"

"सही केली. तारखेसकट."

"आणि तुझी ती समिती? ती अकरा वर्षं धूळ काढत बसलीस ती? ती कोण लिहून देणार?"

ती हात धुवायला गेली. बोटांच्या पेरांत पेन्सिलची काजळी होती, ती निघता निघेना. बराच वेळ नळ वाहत राहिला.

"राग गेला का गं?" ताईने बाहेरून विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि ताटावर येऊन बसली. डोळ्यात भिंग तसंच अडकवलेलं होतं.

ताई हसायला लागली.